बर्फावरचा मास्तर

मागच्या मे महिन्यात कूलरसमोर बसून आमरस ओरपता ओरपता भाच्यानं जाहीर केलं, "मला स्नोबोर्ड इन्स्ट्रक्टर व्हायचंय." बाहेर ४३ डिग्री. ताईला वाटलं कॉम्प्युटरमधला कुठला तरी बोर्ड असेल, ती म्हणाली, "कर की." दाजींनी ताटातून मान वर न करता विचारलं, "बर्फ कुठला बे? रसाच्या गाड्यावरचा?"

घरात खेळाचा विषय निघाला की तो मामाकडं येतो, कारण मामा पोहायला शिकवतो. एकोणीस वर्षं झाली. रडणारी, नाकातोंडात पाणी गेलेली, रॉड न सोडणारी पोरं हे माझं रोजचं काम. तर मोबाइल माझ्याकडं सरकला. एकाच फळीला दोन्ही पाय बांधून बर्फाच्या उतारावरून घसरायचं ते स्नोबोर्ड, दोन पायांना दोन लांब पट्ट्या बांधल्या की ते स्की, एवढं त्यातून कळलं.

ब्रोशर झकास होतं. कॅनडा, अकरा आठवडे, राहणं, दोन वेळचं जेवण, डोंगरावर नेणाऱ्या लिफ्टचा पास, रोजचं ट्रेनिंग आणि शेवटी परीक्षा. किंमत नऊ हजार पौंडांच्या वर. विमानाचं तिकीट, विमा, बूट-कपडे वेगळे. मी आणि ताईनं कॅलेंडरच्या मागच्या बाजूला बेरीज केली, बारा लाखांपर्यंत गेली. आणि सगळ्यात खाली ठळक अक्षरात: नोकरीची हमी.

हे सगळं आत्ता लिहायचं कारण म्हणजे या उन्हाळ्यात तलावावर आणखी तीन पालकांनी मला हेच विचारलं. पोरं रील बघतात, आईबाप हादरतात. प्रत्येकाला वेगवेगळं सांगण्यापेक्षा एकदाच लिहून टाकतो.

पहिली गोष्ट पैशाची. इन्स्ट्रक्टरचा दाखला महाग नसतो. कॅनडाच्या स्की इन्स्ट्रक्टर संघटनेची लेव्हल वन, म्हणजे पहिल्या पायरीची परीक्षा, तीन-चार दिवसांत उरकते, ब्रिटनच्या संघटनेची पाच दिवसांत. फी आपल्याकडच्या एखाद्या क्लासच्या एका सत्राएवढी. मग बारा लाख कशाचे? तर बर्फावर घालवलेल्या तासांचे. ज्या पोरानं जन्मात बर्फ पाहिला नाही त्याला परीक्षेच्या लायकीचं करायला आठ-दहा आठवडे लागतात, आणि त्या आठवड्यांत त्याला बर्फाशेजारी ठेवायचं, खायला घालायचं, रोज लिफ्टनं वर न्यायचं, याचं ते बिल आहे. यात फसवणूक काही नाही. फक्त आपण काय विकत घेतोय ते कळलं पाहिजे. तास विकत घ्यायचे असतील तर ते कुठं स्वस्त मिळतात हे विचारायला नको का? भाजी घेताना आपण दोन गाडे फिरतोच की.

दुसरी गोष्ट जास्त टोचणारी आहे. हे पॅकेज ज्या पोरांसाठी बनलंय ती ब्रिटनची, ऑस्ट्रेलियाची, न्यूझीलंडची पोरं. बारावीनंतर वर्षभर सुट्टी घेणारी. त्यांच्यासाठी कॅनडाचा वर्किंग हॉलिडेचा, म्हणजे फिरता फिरता काम करायचा परवाना असतो. सकाळी शिका, पास झालात की त्याच डोंगरावर नोकरी करा. त्या यादीत भारत नाही. आपला पोरगा सहा महिन्यांच्या आतला कोर्स व्हिजिटर व्हिसावर करू शकतो, पण शिकवून एक डॉलर कमावू शकत नाही. नोकरीची हमी खरी असते, फक्त तिच्याखाली बारीक अक्षरात एक ओळ असते: कामाचा परवाना ज्याचा त्यानं आणायचा.

पुण्यातल्या एका सल्लागाराकडं आम्ही गेलो होतो. नाव घेत नाही. एसी ऑफिस, भिंतीवर डोंगर, कॉफी. मी परवान्याचं विचारलं तर म्हणाला, "सर, पोरगा एकदा तिकडं पोहोचू द्या, मग सगळं होतं." आधी पन्नास हजार भरा म्हणाला, परत न मिळणारे. मी म्हणालो, तलावात ढकलून मग पोहायला शिकवणारे मास्तर मी पाहिलेत. भाच्यानं टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. आम्ही उठलो. सोलापूरला येताना इंटरसिटीत तो दौंडपर्यंत माझ्याशी बोलला नाही.

भिगवणला वडापाव खाताना मी त्याला म्हटलं, आधी गुलमर्गला जाऊ. मीपण येतो.

आपल्याच देशात हे शिकता येतं हे सोलापुरात फार कमी लोकांना माहीत आहे. गुलमर्गला भारतीय स्कीइंग व पर्वतारोहण संस्था १९६८ पासून आहे. त्याच्याही आधी, १९४८ पासून तिथं लष्कराची शाळा आहे, जवानांना बर्फात चालायला-लढायला शिकवणारी. मनालीच्या पर्वतारोहण संस्थेचे कोर्स सोलंगला होतात, उत्तराखंडात औली आहे, पहलगामला जवाहर संस्था आहे. बेसिक कोर्स साधारण चौदा दिवसांचा. आम्हा दोघांचं जाणं-येणं, राहणं, कोर्स धरून लाखाच्या आत भागलं. सरकारी संस्थांचा मुख्य भर स्कीवर असतो, स्नोबोर्डवर नाही, म्हणून भाचा जरा हिरमुसला. पण बर्फ तोच, उतार तोच आणि पडणंही तेच.

फेब्रुवारीत गेलो. साडेचारशे मीटर उंचीवरची आमची फुफ्फुसं २,६५० मीटरवर बूट घालतानाच धापा टाकायला लागली. बूट म्हणजे काय सांगू! घोट्याला प्लास्टर घालून वर कड्या ठोकल्यासारखं. त्यात पाय घालायलाच मला पहिल्या दिवशी पंधरा मिनिटं लागली, आणि मग लक्षात आलं की बाथरूमला जायचंय.

आमचे उस्ताद तिथलेच, पन्नाशीचे, मिशांवर कायम दहिवर. पहिले दोन दिवस त्यांनी स्कीच्या पुढच्या टोकांना जवळ आणि मागच्यांना लांब एवढंच करून घेतलं. बाहेरच्या देशांत लहान पोरांना याला पिझ्झा म्हणून शिकवतात, उस्ताद म्हणायचे, "घर का छप्पर बनाओ." छप्पर रुंद केलं की वेग कमी. साधं आहे. पण उतार दिसला की शरीर आपोआप मागं जातं, टाचांवर. आणि टाचांवर गेलात की स्कीचं पुढचं टोक हलकं होतं, वळतच नाही, आणि तुम्ही जास्त जोरात खाली जाता. उस्ताद ओरडायचे, "सर, डर पीछे खींचता है! आगे आओ, आगे!" नडगी बुटाच्या पुढच्या जिभेवर दाबायची. जिथं पडायची भीती वाटते, त्याच बाजूला झुकायचं.

मी तिथंच उभा राहिलो. कारण पाण्यात अगदी हेच होतं. भीती वाटली की पोर डोकं वर काढतं, डोकं वर गेलं की पाय खाली जातात, पाय खाली गेले की ते बुडतं. एकोणीस वर्षं मी "डोकं पाण्यात घाल" म्हणून ओरडतोय आणि ४४ व्या वर्षी माझ्यावर दुसरा कुणी तरी तेच ओरडत होता. मला इतकं हसू आलं की मी तोल जाऊन पडलो. काठी हातात तशीच. अंगठा मागं वळला. डॉक्टर म्हणाले, स्की करणाऱ्यांचा हा ठरलेला अंगठा आहे, काठीसकट पडलं की असं होतं. सोलापूरला आल्यावर तीन आठवडे पायजम्याची नाडी बायकोनं बांधली. असो.

भाचा मात्र चौथ्या दिवशीच वळायला लागला. पोरगं हलकं आहे, घाबरत नाही. आमच्या बॅचमध्ये कोलकात्याच्या एक बाई होत्या, पन्नाशीच्या, त्या उतारावर एका जागी थिजून उभ्या राहायच्या. उस्ताद दुसरीकडं होते, म्हणून बाईंनी भाच्याला विचारलं, वळायचं कसं? हा म्हणाला, "असं," आणि सर्रकन वळून खाली निघून गेला. बाई तिथंच.

मग उस्ताद आले. बाईंच्या समोर तोंड करून उभे राहिले, म्हणजे स्वतः उतारावर पाठमोरे. बाईंच्या स्कीची टोकं दोन्ही हातांत धरली आणि उलटे घसरत, त्यांच्या डोळ्यांत बघत, घरच्या गोष्टी विचारत त्यांना खाली घेऊन आले. मुलगी काय करते, कोलकात्यात थंडी असते का. बाई बोलता बोलता खाली पोहोचल्या आणि मग त्यांना कळलं की आपण खाली पोहोचलो.

संध्याकाळी नून चहा, म्हणजे तिथला मिठाचा चहा पिताना उस्ताद मला म्हणाले, "लड़का चलता अच्छा है, सिखाता नहीं।"

ब्रोशरमध्ये मला सापडत नव्हती ती गोष्ट हीच. लेव्हल वनच्या परीक्षेत तुम्ही नकाशावर काळ्या खुणेनं दाखवलेल्या अवघड उतारावरून किती झोकात येता हे कुणी बघत नाही. तुमचं साधं, नीट वळणं आणि नवशिक्यांना कसं शिकवता हे बघतात. परीक्षेतले साथीदार विद्यार्थी बनतात आणि तुम्ही वर्ग घ्यायचा. पुढच्या लेव्हलना स्कीइंगची कसोटी कडक होत जाते. फ्रान्समध्ये पूर्ण पात्रतेसाठी घड्याळ लावून शर्यतीचा कोर्स उतरावा लागतो, आणि तिथं भलेभले गळतात. पण पहिला दरवाजा शिकवण्याचा आहे. नोकरीतही पहिली काही वर्षं पाच-सहा वर्षांच्या पोरांची नाकं पुसणं, हातमोजे घालून देणं, शी लागली तर पाच थरांतून त्यांना बाहेर काढणं हेच असतं. रीलमध्ये हे दिसत नाही. पगार बहुतेक ठिकाणी तासावर. क्लास नाही तर पैसे नाहीत. ज्याला पोरं आवडत नाहीत त्यानं बारा लाख भरून बर्फावर जाऊ नये, घरी बसून बर्फाचा गोळा खावा.

एक गोष्ट तिथली मला फार आवडली. जगभरच्या उतारांवर नियम आहे की मागून, म्हणजे वरून येणाऱ्यानं पुढच्याला सांभाळायचं. पुढच्याला आरसा नसतो, डोळे पाठीला नसतात. धडक बसली तर सहसा मागच्याचीच चूक. हा नियम सोलापूरच्या सात रस्ता चौकाला लावून बघा एकदा.

आणि बर्फाचा भरवसाही आता राहिलेला नाही, हेही सांगतो. २०२४ च्या जानेवारीत गुलमर्गचं मैदान पिवळं पडलेलं होतं, लोक सुक्या गवतावर फोटो काढत होते. २०२५ ला खेलो इंडियाचे हिवाळी खेळ बर्फ नाही म्हणून पुढं ढकलावे लागले. बाहेरच्या देशांत यंत्रानं पाणी फवारून बर्फ करतात. चार दिवसाआड नळाला पाणी येणाऱ्या गावातल्या माणसाला ते बघून कसं वाटतं ते लिहीत नाही.

मग जायचंच नाही का? माझं म्हणणं उलटं आहे. जावं. पण गुलमर्गला दोन हिवाळे घालवून, बेसिक-इंटरमीडिएट करून, तास तिथं जमवून मग परीक्षेपुरतं बाहेर जावं. बारा लाखांतले निम्म्याहून जास्त तिथंच वाचतात. आणि कोर्सच्या आधी व्हिसाचा कागद वाचावा. ऑस्ट्रेलियानं ऑक्टोबर २०२४ पासून भारतीयांसाठी वर्क अँड हॉलिडे व्हिसा सुरू केलाय, १८ ते ३० वयासाठी, वर्षाला हजार जागा, चिठ्ठ्या टाकून. नंबर लागणं नशिबाचं, पण लागला तर काम करायचा हक्क मिळतो. तिथले स्कीचे डोंगर जून ते ऑक्टोबर चालतात. दुबईतल्या मॉलमध्येही २००५ पासून बर्फाचा उतार आहे, सगळ्यात लांब वाट ४०० मीटरची. हसू नका. तिथं नोकरी लागली तर व्हिसा मालक काढतो, आणि बर्फ पहिल्यांदा बघणारी, हिंदी बोलणारी गिऱ्हाइकं रोज येतात. सोलापूरला सगळ्यात सोयीचा बर्फ बहुधा तोच.

"एवढं करून तू काय ऑलिम्पिकला जाणार?" असं दाजी मध्ये एकदा म्हणाले. २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिम्पिकला भारताकडून एकटा आरिफ खान गेला होता, गुलमर्गच्याच भागातला, जायंट स्लॅलममध्ये, म्हणजे रोवलेल्या खांबांमधून वळत उतरायच्या स्की शर्यतीत ४५ वा आला. तो लहानपणापासून बर्फावर. आमच्या पोरानं पहिला बर्फ २३ व्या वर्षी पाहिला. ऑलिम्पिकचा प्रश्नच नाही, पण पोहण्याचा मास्तर कुठं ऑलिम्पिकला गेला होता?

परत आल्यावर मी भाच्याला एक अट घातली. या उन्हाळ्यात सकाळी सहाची पाच-सहा वर्षांची बॅच त्यानं घ्यायची. पगार नाही. ती बॅच टिकली तर दाजींशी मी बोलणार.

पहिल्या आठवड्यात सात पोरं सोडून गेली. एका आजीनं तर मला फोन करून विचारलं, "ते नवीन मास्तर पोरांशी बोलत का नाहीत?" दुसऱ्या आठवड्यात तो गप्प गप्प होता. तिसऱ्या आठवड्यात, गेल्या मंगळवारी, मी ऑफिसच्या खिडकीतून बघितलं. रॉड न सोडणारी एक चिमुरडी आहे, दीड महिना झाला तिला. हा पाण्यात तिच्याकडं तोंड करून उलटा चालत होता, तिची दोन्ही मनगटं धरून, आणि विचारत होता की तुमच्या घरी मांजर आहे का, तिचं नाव काय, ती दूध कशात पिते.

बॅचमध्ये सध्या चौदा आहेत.

दाजींनी अजून हो म्हटलेलं नाही. फक्त काल रात्री जेवताना त्यांनी मला हळूच विचारलं, "ऑस्ट्रेलियात बर्फ पडतो होय?"