युव्हायटिस आणि ‘इम्युनिटी वाढवा’ची फोडणी

‘डोळा वरचेवर लाल होतो, उजेड सोसवत नाही? इम्युनिटी कमी पडली आहे. पोट साफ ठेवा, इम्युनिटी वाढवा, स्टेरॉइडचे थेंब बंद करा.’ युव्हायटिसवरचा, म्हणजे डोळ्याच्या आतल्या दाहावरचा, हा मजकूर मला या महिन्यात तिसऱ्यांदा आला.

इम्युनिटी कमी? ऑटोइम्यून युव्हायटिसमध्ये, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच डोळ्यावर उलटते तेव्हा, नेमकं उलटं असतं. स्लिट लॅम्पच्या, म्हणजे डोळे तपासायच्या सूक्ष्मदर्शकाच्या, झोतात डोळ्याच्या पुढच्या कप्प्यातलं पाणी एरवी नितळ दिसतं. या आजारात त्यात पेशी तरंगताना दिसतात, कवडशातल्या धुळीसारख्या. ती आपलीच फौज. तिला आणखी चेव आणायचा म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. आणि बंबातही रॉकेल!

‘सगळं पोटातून येतं.’ यात कणभर तथ्य आहे, म्हणूनच हे जास्त फसवं. डोळ्याच्या पडद्यातल्या प्रथिनांवर तुटून पडू शकतील अशा काही टी-पेशी, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या लढाऊ पेशी, निरोगी माणसातही असतात. त्या सुस्त असतात, त्यांना कुणीतरी डिवचावं लागतं. प्रयोगशाळेत उंदराला असं प्रथिन नुसतं टोचलं तर सहसा काही होत नाही. तेच मेलेल्या क्षयजंतूंच्या तेलकट मिश्रणातून टोचलं, की साधारण दोन आठवड्यांत डोळ्यात दाह सुरू होतो. संसर्ग कसलाच नाही, फक्त धोक्याची घंटा वाजली. ही घंटा आतड्यातले जिवाणूही वाजवू शकतात, हे अमेरिकेच्या नॅशनल आय इन्स्टिट्यूटमधल्या संशोधकांनी २०१५ मध्ये उंदरांवर दाखवलं. अँटिबायोटिकने जिवाणू घटवल्यावर आजार सौम्य झाला. पण ते उंदीर जनुकं बदलून मुद्दाम तसे घडवलेले. त्यावरून ‘पोट साफ, डोळे साफ’ हे कुठून निघालं?

‘एचएलए-बी२७ पॉझिटिव्ह म्हणजे आजार ठरलेलाच.’ नाही. एचएलए-बी२७ हा रक्ततपासणीत सापडणारा एक आनुवंशिक घटक. तो असणाऱ्या बहुतेकांना युव्हायटिस कधीच होत नाही.

राहिले थेंब. हा सल्ला सगळ्यात घातक. नागिणीचा विषाणू, क्षय अशा संसर्गांनीही युव्हायटिस होतो आणि तिथे नुसतं स्टेरॉइड महागात पडतं, म्हणून आधी तपासण्या करतात. पण संसर्ग नाही हे पाहून सुरू केलेले थेंब हळूहळू कमी करायचे असतात. ते मनानेच एकदम थांबवले तर दाह पुन्हा उसळू शकतो. मग बुबुळाची कड मागच्या भिंगाला चिकटते, गोल बाहुली वेडीवाकडी होते. चिकटून जुनी झालेली कड नंतर थेंबांनी सुटेलच असं नाही.