सुंगट कुसलें?

श्रावणी सोमवार, सकाळचे साडेआठ. अशा मुहूर्तावर मी पणजीतल्या आमच्या कॉलनीच्या गेटात उभा राहून नुस्तेकान्नीला, म्हणजे नुस्तं (मासळी) विकणारीला, हाक मारली. समोरच्या बाल्कनीत तुळशीला पाणी घालणाऱ्या वहिनींचा तांब्या जागच्या जागी थांबला. श्रावणात आमच्या घरी बांगड्याचं नावसुद्धा हळू आवाजात घेतात. नुस्तेकान्नीला तर हे वहिनींपेक्षा पक्कं ठाऊक. 31 जुलैला मासेमारीची बंदी संपते, ताजं नुस्तं येऊ लागतं आणि नेमकं तेव्हाच तिचं अर्धं गिऱ्हाईक खतखत्यावर, म्हणजे मिश्र भाज्यांवर, जातं.

तिने पाटी उतरवली. "कितें दिवं?"

"सुंगटां," मी म्हटलं. म्हणजे कोळंबी. "म्हणजे... एक."

"एक वांटो."

"वांटो नाका. एकूच सुंगट."

तिचा पाटीतला हात थांबला. "माजराक?"

"नाही, काचेच्या टाकीत घालायचंय. मासे पाळायचेत."

"जिवें न्हय मरे तें, बाबा," ती अगदी सांभाळून म्हणाली. मूल आजारी असल्याचं आईला सांगावं तसं.

"मेलेलंच हवंय."

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण टाकी घेतल्यापासून मला कुणीतरी विचारण्याची इतकी भूक लागली आहे की मी सगळं सांगून टाकलं. सुंगट कुजलं की अमोनिया सुटतो. तो खाणारे बॅक्टेरिया दगडांवर आणि फिल्टरच्या स्पंजात वाढतात आणि त्याचं नायट्राइट करतात. तेही विषच. मग दुसरे बॅक्टेरिया त्याचं नायट्रेट करतात, ते त्या मानाने गरीब. याला 4 ते 6 आठवडे जातात. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले, की मगच मासा आणायचा.

कमरेवर हात ठेवून तिने सगळं ऐकलं. मग सारांश काढला.

"म्हणजे तूं सुंगट कुसयतलो."

"हो."

"घरांत?"

"हॉलमध्ये."

"सोमारा?"

ज्या बाईचा जन्म नुस्तं कुजू नये म्हणून बर्फ फोडण्यात गेला, तिच्याकडे मी कुजवायला सुंगट मागत होतो. तिने टाकीतल्या पाण्याचीही चौकशी केली. खारं आहे, त्याचं मीठ विकत आणलंय, असं म्हटल्यावर तिने शब्द न बोलता मिरामारच्या दिशेने हात केला. मी म्हटलं, ते मांडवीचं मुख, पावसात तिथे नदीचं गोडं पाणी आणि गाळच जास्त, मला मोजलेला खारेपणा हवा, लिटरला 35 ग्रॅम, म्हणजे 60 लिटरला दोन किलोच्या वर मीठ. "कितल्याक?" तिने विचारलं. मी आकडा सांगितला नाही. बायकोलाही सांगितलेला नाही.

शेवटी तिने पाटीच्या तळातून काळ्या डोक्याचं एक मरतुकडं सुंगट उचललं. "हें कुसूंक लागलांच," म्हणाली. माझे दोन दिवस वाचवले. मी दहाची नोट पुढे केली तर "पैशे नाकात." हे मला लागलं. अजून लागतंय. घासाघीस केली असती तर गिऱ्हाईक म्हणून तरी मान राहिला असता.

हा उपद्व्याप मी हौसेने करत नाहीये. एप्रिलमध्ये मी टाकी, मीठ आणि तीन डॅमसेल मासे एकाच दिवशी, एकाच दुकानातून आणले होते. "हे कणखर असतात, यांच्यावरच टाकी सुरू करतात," दुकानदार म्हणाला. 'यांच्यावर' या शब्दाचा अर्थ मला चौथ्या दिवशी कळला. दोघं पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकत होते आणि तिसरा फिल्टरमागे आडवा पडला होता. दुकानात गेलो तर म्हणतो, "होतं असं. नवीन देऊ?" अमोनियाचा, टेस्ट किटचा शब्द नाही. आपल्याकडे मासा दोनच प्रकारचा: खायचा, नाहीतर बदलून मिळायचा. मिठाच्या पाण्यात माशाचा जीव जातोय, हे दिसत असून ते विकणाऱ्याला कसलं काही वाटत नाही. त्याच्याशी भांडायचं ठरवून गेलो होतो आणि जाळी विकत घेऊन परतलो.

माझ्याही चुका होत्याच. पाणी आटलं की मी इमानेइतबारे पुन्हा खारं पाणी घालत होतो. खारेपणा मोजायच्या हायड्रोमीटरवर 1.025 हवं तिथे काटा 1.030 च्या पुढे. आईने पोळपाटावरून मान न वळवता विचारलं, "आमटी आटली तर तू मीठ घालतोस की पाणी?" मीठ उडून जात नाही, उडतं ते पाणी, म्हणून वर गोडं पाणीच घालायचं. एवढं कळायला मी रात्र रात्र व्हिडिओ पाहिले होते.

तर ते सुंगट. मी ते बायकोच्या जुन्या मोज्यात बांधून टाकीत सोडलं. आईने देवघर आणि टाकी यांच्यामध्ये साडी टांगली. मंगळवारी रात्री वीज गेली. पंप बंद पडला की पाण्यातला ऑक्सिजन संपत जातो, आणि बॅक्टेरियांनाही तो लागतो. म्हणून काळोखात बॅटरीचा एअरपंप शोधत फिरलो. कुणासाठी? न दिसणाऱ्या जंतूंसाठी. बुधवारी साडूभाऊ आले. दगड, पाणी आणि लोंबकळणारा मोजा बराच वेळ पाहून त्यांनी विचारलं, "पाणी पाळलंय?"

आज टेस्टच्या नळीतला पिवळा रंग पहिल्यांदा हिरवा झाला. अमोनिया! नळी उजेडात धरून मी बाल्कनीत उभा होतो, तेवढ्यात गेटावरून आवाज आला, अख्ख्या कॉलनीला ऐकू जाईल असा:

"बाबा! सुंगट कुसलें मरे?"

"कुसलें!" मी ओरडलो. आनंदात भान राहिलं नाही.

"मागीर आनीक एक दिवं?"

समोरच्या वहिनींनी खिडकी लावून घेतली.