५७ किलोंचा पैलवान

अमेरिकेतील डब्ल्यूडब्ल्यूई या करमणुकीच्या कुस्त्या भरवणाऱ्या कंपनीच्या मल्लांच्या वीतभर उंचीच्या प्लॅस्टिकच्या ॲक्शन फिगर महागामोलाने विकत घ्यायच्या, त्यांची मुंडकी उपटायची, याचे हात त्याला नि त्याचे पाय याला बसवायचे, अंगावरचे छापील रंग पुसून काढायचे आणि या सगळ्या उलाढालीतून बाजारात कुठेच न मिळणारा एखादा मल्ल उभा करायचा, या छंदाला जगभर ‘कस्टम करणे’ म्हणतात आणि आमच्या घरात ‘पैशांची माती करणे’ म्हणतात. मातीचा उल्लेख कुस्तीच्या संदर्भात आलेला असल्यामुळे मी तो आजवर कौतुक म्हणूनच स्वीकारत आलो आहे.

या छंदातील समंजस मंडळी फार लांब जात नाहीत. मॅटेल कंपनी २०१० पासून या फिगर बनवते, त्याआधी जॅक्स पॅसिफिक बनवत असे आणि नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला हॅस्ब्रो. इतक्या वर्षांत एखाद्या मल्लाने एखाद्याच रात्री घातलेली जांभळी चड्डी कंपन्यांच्या नजरेतून सुटून गेलेली असते. तेवढी चड्डी रंगवून ही मंडळी सुखाने झोपतात. मला मात्र खाशाबा जाधव हवे होते. कराडजवळच्या गोळेश्वरच्या ज्या मल्लाने १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये ब्राँझपदक मिळवून स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक पदक दाखवले, त्याची फिगर माझ्या कपाटात नसावी आणि ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांच्या पाठीत खुर्च्या घातल्या त्याच्या मात्र अर्धा डझन असाव्यात, हे मला पटेना. या प्लॅस्टिकच्या जगात भारताच्या नावावर द ग्रेट खली आहे, जो सात फुटांहून उंच आहे, आणि जिंदर महाल आहे, जो मुळात कॅनडाचा आहे.

खरी अडचण वजनाची निघाली. खाशाबा लढले ते बँटमवेट गटात, म्हणजे ५७ किलोंच्या आत. माझ्या पिढीने लहानपणी डब्ल्यूडब्ल्यूएफच्या (हे डब्ल्यूडब्ल्यूईचेच जुने नाव) ट्रम्प कार्डांवरून जे काही शरीरशास्त्र आत्मसात केले, त्यात उंची, वजन, छाती आणि दंड यांचे आकडे जितके मोठे तितका माणूस मोठा, असा सरळ नियम होता. ५७ किलोंचे कार्ड ज्याच्या वाट्याला आले असते त्या पोराने ते डावाआधीच सतरंजीखाली सरकवले असते. फिगर बनवणाऱ्यांनी तो नियम अजून सोडलेला नाही. तिकडे ज्याला चिमुकला म्हणून टाळ्या पडतात तो रे मिस्टीरिओसुद्धा १७५ पौंडांचा, म्हणजे जवळपास ७९ किलोंचा म्हणून पुकारला जातो. कर्ट अँगल हा खराखुरा ऑलिम्पिकवीर, १९९६ च्या अटलांटातील सुवर्णपदकाचा धनी, आणि त्याच्या फिगरच्या अंगात ऑलिम्पिक मल्लाचा घट्ट एकसंध पोशाख, म्हणजे सिंगलेटही असतो. पण तो लढला १०० किलोंच्या गटात. त्याच्या एका छातीत आमचे खाशाबा फेट्यासह मावतील.

पुष्कळ शोधाशोध केल्यावर चॅड गेबल सापडला. हाही ऑलिम्पिकमध्ये उतरलेला, सिंगलेट घालणारा आणि बेताच्या उंचीचा. इतक्या बेताच्या, की मध्यंतरी त्याच्या मालकांनी त्याचे नावच ‘शॉर्टी जी’ ठेवले होते. हा शॉर्टी २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये ग्रीको-रोमन कुस्तीच्या ८४ किलोंच्या गटात लढला होता. म्हणजे मला २७ किलो उतरवायचे होते, आणि तेही अशा गृहस्थाचे, ज्याने जन्मात एक घास खाल्लेला नसूनही ज्याचे वजन तसूभर हलत नाही. प्लॅस्टिकचे वजन पॉलिश पेपरने उतरते, असे या क्षेत्रातील जाणकार सांगतात. ते खरे आहे, पण ते दोन्ही बाजूंनी सारखे उतरत नाही. उजवा दंड बारीक झाला म्हणून डावा घासावा, डावा जरा जास्तच बारीक झाला म्हणून पुन्हा उजव्याकडे वळावे, आणि हे न्यायदान असेच चालू ठेवले तर शेवटी दोन्ही दंड समसमान, म्हणजे शून्य, होतील हे ध्यानात आल्यावर मुकाट्याने थांबावे. छाती तर नुसती घासून कमी होतच नाही, कारण ती आतून पोकळ असते. ती शिवणीवर गरम करून, कटरच्या पात्याने पुढचे आणि मागचे असे दोन भाग उघडून, कडा घासून पुन्हा चिकटवावी लागते. या क्रियेत हात निखळतात, पोटाचा सांधा बाहेर येतो, आणि दारात कुरिअरवाला उभा असेल तर तो सही न घेताच जातो.

मुंडके काढणे त्या मानाने सोपे. मानेच्या टोकाला एक खुंटी असते आणि तिच्यावर डोके दाबून बसवलेले असते. थंड डोके ओढले तर खुंटी मोडते. म्हणून ते मिनिटभर उकळत्या पाण्यात धरावे, म्हणजे मऊ पडून अलगद हातात येते आणि मऊ असेपर्यंतच दुसऱ्या मानेवर चढते. या कामासाठी स्वयंपाकघरातून मला एक जुने ॲल्युमिनियमचे पातेले कायमचे तोडून देण्यात आले आहे आणि त्याचे सोवळे उपासाच्या भांड्यांपेक्षाही कडक पाळले जाते, फक्त उलट बाजूने. एकदा शेजारच्या काकूंनी मदतीच्या भावनेने, चहा झाला का पाहावे म्हणून, त्याचे झाकण उचलले. आतून दोन दाढीवाली मुंडकी त्यांच्याकडे पाहत तरंगत होती. काकू तेव्हापासून आमच्याकडे फक्त पाणी घेतात, आणि तेही माठातले.

डोके कोणाचे लावायचे, हा प्रश्न मला छातीपेक्षा अवघड गेला. जुन्या छायाचित्रांतून दिसणारे खाशाबा शांत आहेत. मॅटेलच्या कारखान्यातून शांत चेहरा सहसा बाहेर पडत नाही: कोणी किंचाळतो आहे, कोणी दात विचकतो आहे, कोणाची जीभ हनुवटीपर्यंत आलेली आहे, आणि जे गप्प आहेत त्यांच्या भुवया बोलत आहेत. मिटलेले ओठ, नीट बसलेले केस आणि कोणाचेही वाईट न चिंतणारे डोळे अखेर मला एका समालोचकाच्या फिगरवर मिळाले. जन्मभर दुसऱ्यांच्या कुस्त्या सांगत बसलेल्या माणसाचे डोके पैलवानाच्या धडावर चढवण्यात काही विपरीत आहे, असे कोल्हापूरच्या खासबाग कुस्ती मैदानाच्या पायऱ्यांवर बसून वरून डाव सुचवणाऱ्या कोणालाही वाटणार नाही.

समालोचक गोरा, गेबल वेगळ्याच छटेचा गोरा, आणि मल्ल सातारा जिल्ह्याच्या उन्हातला. आधी गेबलच्या सिंगलेटवरची छापील नक्षी पुसणे आले आणि त्यासाठी ॲसिटोन आले. बांगड्या-टिकल्यांच्या दुकानात एखाद्या प्रौढ पुरुषाने चष्मा कपाळावर चढवून, बाटलीमागची बारीक अक्षरे वाचत, ‘ॲसिटोनवालंच नेलपॉलिश रिमूव्हर हवंय’ असे सांगितले, की दुकानातल्या बाई आधी त्याच्या तोंडाकडे आणि मग नखांकडे पाहतात. रंगाचे त्याहून अवघड. फवाऱ्याच्या डब्यातला रंग या मऊ प्लॅस्टिकवर पुष्कळदा वाळतच नाही, कारण प्लॅस्टिक मऊ राहावे म्हणून त्यात घातलेली द्रव्ये हळूहळू वर येऊन रंगाला चिकट करून टाकतात. आमच्या मांजराच्या कृपेने एका मल्लाच्या छातीवर त्यामुळे खरे केस आहेत. म्हणून ॲक्रिलिकचे पाण्यासारखे पातळ थर एकावर एक द्यायचे आणि प्रत्येक थर वाळेपर्यंत संयम पाळायचा. एवढे करूनही सांध्यांपाशी रंग खरवडला जातोच. खाशाबांचा हात जरा वर उचलला, की कोपरातून अमेरिका दिसू लागते. सांधे जास्त म्हणून जास्त पैसे मोजून आणलेली फिगर एकदा रंगवली, की ती जन्मभर एकाच पवित्र्यात उभी करावी लागते, याला मी या छंदाचे अध्यात्म समजतो.

पदकाच्या बाबतीत या छंदातील एका स्नेह्याने सुचवले, की अँगलच्या फिगरबरोबर मिळणारी पदके आहेतच, त्यांतले एक ब्राँझच्या रंगात बुडवून खाशाबांच्या गळ्यात घालावे. परंतु ऑलिम्पिकमध्ये पदक गळ्यात घालण्याची पद्धत सुरू झाली ती १९६० मध्ये, रोमला. १९५२ मध्ये ते हातात दिले जात असे. आता हातात द्यायचे तर हात तसा हवा. मॅटेलचा हात मूठ आवळतो, माइक धरतो, प्रतिस्पर्ध्याची मानगूट पकडतो, पण अदबीने काही स्वीकारायची मुद्रा त्याला शिकवलेलीच नाही. बोटे गरम करून उघडली आणि त्याच बांगड्यांच्या दुकानातून आणलेली एक टिकली रंगवून तळहातावर बसवली. तिला गोंद आधीपासून असतो, ही सोय हेलसिंकीच्या संयोजकांनाही नव्हती.

या साऱ्याच्या खर्चाचा विषय घरात निघाला, की मी कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांचे उदाहरण देतो. खाशाबांना हेलसिंकीला जाता यावे म्हणून त्यांनी स्वतःचे घर ७,००० रुपयांना गहाण टाकले होते आणि त्या तुलनेत परदेशी फिगरवरची कस्टम ड्यूटी म्हणजे काहीच नव्हे. घरच्यांचे म्हणणे इतकेच असते, की खर्डेकरांना निदान पदक पाहायला मिळाले.

शेवटचा थर वाळत असताना कराडहून मामा आले. मामा तरुणपणी लाल मातीत उतरलेले. हेलसिंकीहून परतलेल्या खाशाबांची शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक त्यांनी आपल्या वडिलांकडून इतक्यांदा ऐकली आहे, की हल्ली ते स्वतः एका गाडीत बसून आल्यासारखी सांगतात. त्यांनी फिगर उजेडात धरली, उलटीपालटी केली, दंड चाचपला आणि विचारले, “बाकी बरं हाय. पर ह्येचं कान कुठायत?”

“आहेत की मामा, दोन्ही आहेत.”

“हे कारकुनाचं कान. पैलवानाचा कान आसा शाबूत आसतोय व्हय?” असे म्हणून त्यांनी स्वतःचा डावा, मोडलेला कान पुराव्यादाखल पुढे केला.

समालोचकाच्या डोक्याने असा अनपेक्षित सूड उगवल्यावर मी एम-सील आणायला हार्डवेअरच्या दुकानात गेलो. दुकानदाराने सवयीने विचारले, “कुठं गळतंय?” मी म्हणालो, “कानाला लावायचंय.” त्याने पैसे घेतले आणि पुढच्या गिऱ्हाइकाला जरा लांबूनच हाक मारली. घरी येऊन दोन्ही भाग एकजीव मळले, त्यातली मोहरीएवढी गोळी सुईच्या टोकावर घेतली, आणि मामांनी मॉडेल म्हणून डावा कान माझ्याकडे करून बसावे, असे ठरले. मामा बसले, पण बोलणे थांबवेनात, आणि प्रत्येक डावाचे वर्णन करताना त्यांचा कान त्या डावाबरोबर फिरत होता. ढाक मारताना तर तो पूर्णपणे दिसेनासा झाला. एम-सील काही कोणासाठी थांबत नाही. जे वाळले त्याला मामांनी निरखून पाहिले आणि “हां, आता ह्यो आखाड्यात राबलाय” असा दाखला दिला.

मग त्यांनी कपाटावर नजर टाकली. “आन् जोड कुणाशी लावलीस?”

मी खलीकडे पाहिले, अँगलकडे पाहिले. मामांनी मान हलवली. वजन न बघता जोड लावणाऱ्याला मैदानात उभे करत नाहीत, हे त्यांनी सौम्य शब्दांत सांगितले, म्हणजे त्यांच्या मानाने सौम्य. हेलसिंकीला त्या गटाचे सुवर्णपदक जपानच्या शोहाची इशीई यांनी नेले होते आणि खाशाबा त्यांच्याशी लढले होते, तेव्हा जोड ठरलेलीच आहे. फक्त इशीईदेखील अर्थातच ५७ किलोंच्या आतले होते. मी दुसरा गेबल मागवला आहे. जपानी माणसाचा कान नेमका कुठून मोडतो, ते दाखवायला मामा पुढच्या महिन्यात पुन्हा यायचे म्हणतात.