लॅपटॉप डेड म्हणजे आयओ उडाली?

सध्या जळगाव-भुसावळकडच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: "लॅपटॉप सुरूच होत नसेल तर आयओ चिप गेली समजा. आपल्या खान्देशच्या उन्हात ती जळतेच. हीटगनने दोन मिनिटं शेका. नाही झालं तर त्याच नंबरची नवी चिप लावा. तरी नाही तर बोर्ड भंगारात." जळगावच्या गोलाणी मार्केटात लॅपटॉप दुरुस्तीला येणारी काही गिऱ्हाइकं आता बोर्ड (म्हणजे लॅपटॉपमधला मदरबोर्ड) घरूनच शेकून आणतात, म्हणून हे लिहितोय.

पहिला मुद्दा, डेड म्हणजे आयओ गेली. आयओ म्हणजे एम्बेडेड कंट्रोलर, ईसी. लॅपटॉप बंद असतानाही ती ३.३ व्होल्टवर जागी असते. पॉवर बटणाचा सिग्नल आधी तिच्याकडे जातो, मग ती चिपसेटला (प्रोसेसरच्या जोडीदार चिपला) कळवते आणि बोर्डावरचे वेगवेगळे वीजपुरवठे क्रमाने उठतात. कीबोर्ड, पंखा, बॅटरीशी बोलणं हेही तिच्याकडेच. एवढी कामं असल्यावर आळ तिच्यावर येणारच. पण आधी मल्टिमीटर लावा. चार्जरच्या जॅकवरचे १९ व्होल्ट इनपुट मॉसफेट (वीज सोडणारा-अडवणारा स्विच) ओलांडून पुढे येतात का? ईसीला तिचे ३.३ व्होल्ट मिळतात का? पॉवर बटण दाबल्यावर बटणाच्या सिग्नलच्या पिनवरचा व्होल्टेज शून्यावर येतो का? काही बोर्डांत झाकणाचा सेन्सर अडकला तरी लॅपटॉप उठत नाही. यातलं काही तपासलंच नसेल तर ईसीला दोष देणं म्हणजे नुसता अंदाज.

ती खरंच गेलेली असते तेव्हा खुणा दिसतात. बटण न दाबता, नुसता चार्जर लावताच चिप तापते किंवा ३.३ व्होल्टची लाइन शॉर्ट दाखवते. चहा सांडलेल्या बोर्डांत हे विशेष, कारण कीबोर्डच्या लाइनी थेट ईसीवर येतात.

उन्हाचं म्हणाल तर वैशाखात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो हे खरं. पण ईसी स्वतः फार वीज खात नाही, त्या हवेने ती जळत नाही. धुळीने पंखा तुंबतो, प्रोसेसरची उष्णता बाहेर नेणारी थर्मल पेस्ट वाळते, प्रोसेसर तापतो आणि लॅपटॉप स्वतःला वाचवायला बंद पडतो. तो गार झाल्यावर परत सुरू होतो. त्याला डेड म्हणत नाहीत.

शेकणं. चिपचे सांधे जोडणारं बिनशिशाचं सोल्डर वितळायला साधारण २१७ अंश लागतात. त्याखालच्या उष्णतेने तडकलेला सांधा घटकाभर टेकतो किंवा ओल वाळते, आणि माणूस मेसेज पुढे पाठवतो. आठवड्याने बोर्ड परत. त्याहून जास्त तापवलंत तर शेजारचा कीबोर्ड कनेक्टर वितळू शकतो. पायांची चिप असेल तर फ्लक्स (सोल्डर नीट पसरवणारा लेप) लावून सोल्डरिंग आयर्नने पायांचे सांधे परत वितळवून घ्यावेत, बस.

आता नवी चिप, कारण खरा घोळ इथे आहे. केबी ९०१२ या ईसीच्या पोटात स्वतःची १२८ किलोबाइटची फ्लॅश मेमरी असते. कोरी चिप कितीही सफाईने बसवा, आत प्रोग्राम नसेल तर बटणाला दाद देणार नाही. आयटी ८५८६ई ही ईसी मात्र आपला प्रोग्राम बायोसच्या (लॅपटॉप सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रामच्या) फ्लॅशमधून वाचते. तिथे बायोस बिघडला तरी लक्षणं तीच, आणि चिप बदलून काडीचाही फरक पडत नाही. आयटी ८९८७ई चा प्रोग्राम पुन्हा तिच्या पोटात. शिवाय "त्याच नंबरची" म्हणजे नंबराखालची शेपटीची अक्षरंसुद्धा तीच हवीत. उदाहरणार्थ, शेपटी एफएक्सए असलेल्या चिपच्या जागी दुसऱ्या शेपटीची लावून बोर्ड उठेल याची खात्री नाही. आणि जुनी चिप थोडीही जिवंत असेल तर उपटण्याआधी तिच्यातला प्रोग्राम प्रोग्रामर यंत्राने वाचून ठेवा. कितीतरी जण चिप काढून टाकल्यावर हे विचारतात.

उरलं भंगार. ईसी गेली म्हणून बोर्ड फेकायचं कारण नाही, ती बदलता येते. प्रोसेसर किंवा चिपसेटच गेला असेल तर गोष्ट वेगळी. पण तो बोर्डही रद्दीवाल्याला देऊ नका. त्यावरचे मॉसफेट आणि कनेक्टर दुसऱ्या बोर्डाला लागतात, आणि ईसी शाबूत असेल तर त्याच मॉडेलसाठी तिचा प्रोग्रामही तिथूनच मिळतो.