कोल्हापूर–तिरुपती विमानप्रवास चाळीस मिनिटांचा नाही

माझ्या आत्याने काल व्हॉट्सॲपवरचा एक मजकूर दाखवला आणि त्याच्या भरवशावर तिरुमलाच्या ३०० रुपयांच्या दर्शनासाठी सकाळी अकराची वेळ नोंदवू का, असे विचारले. आजवर ती हरिप्रिया एक्स्प्रेसनेच गेली आहे. विमानाची ही पहिली वेळ. मजकूर असा : कोल्हापूर ते तिरुपती हवाई अंतर केवळ ३५५ किलोमीटर, म्हणजे नऊला निघालेले विमान नऊ चाळीसला उतरते आणि अकराची वेळ सहज गाठता येते, तिकिटावरचा दीड तास ही जास्त भाडे घेण्यासाठी केलेली फसवणूक आहे, शिवाय पूर्वेकडे जाताना पृथ्वी पुढे सरकत असल्याने विमानाला तिचा पाठलाग करावा लागतो.

३५५ हा आकडा कुठून आला, हे शोधायला मला फार वेळ लागला नाही. भारतीय विमानतळ प्राधिकरण प्रत्येक विमानतळाचे अक्षांश-रेखांश अधिकृतपणे प्रसिद्ध करते. उजळाईवाडी येथील कोल्हापूर विमानतळाचे सुमारे १६.६६ उत्तर आणि ७४.२९ पूर्व, तर रेणिगुंटा येथील तिरुपती विमानतळाचे १३.६३ उत्तर आणि ७९.५४ पूर्व. आत्याच्याच दिनदर्शिकेच्या पाठकोऱ्या पानावर मी हिशेब मांडला, तेव्हा सरळ हवाई अंतर जवळपास ३५५ आले खरे, पण ते सागरी मैलांत. वैमानिक अंतर सागरी मैलांतच मोजतात आणि एक सागरी मैल १,८५२ मीटरचा असतो. म्हणजे अंतर सुमारे ६५७ किलोमीटर. कोणीतरी आकडा तसाच उचलला, एकक बदलले आणि वाट जवळजवळ निम्मी करून टाकली.

या मार्गावर उडालेले एटीआर ७२ हे पंख्यांचे विमान पूर्ण उंचीवर ताशी साधारण ५०० किलोमीटर वेगाने जाते. तेवढ्याने भागले तरी एक तास एकोणीस मिनिटे होतात. वर चढताना आणि उतरताना वेग याहून कमी असतो, आणि धावपट्टीच्या टोकापर्यंत जाऊन वळण्याचा वेळ वेगळाच. दीड तास यातूनच येतो.

मला राग आहे तो ‘अकराची वेळ सहज गाठता येते’ या वाक्याचा. विमान साडेदहाच्या सुमारास टेकेल. पुढे सामान घेणे, रेणिगुंट्याहून तिरुमलापर्यंतचा सुमारे ४० किलोमीटरचा रस्ता, वाटेत अलिपिरीला गाडीची आणि सामानाची तपासणी, मग घाट. सत्तरी ओलांडलेल्या, गुडघे दुखणाऱ्या बाईला असा सल्ला देणाऱ्याने हा रस्ता एकदा तरी पाहायला हवा होता.

पृथ्वीच्या पाठलागाला फार जागा देत नाही. पृथ्वीभोवतीची हवा तिच्याबरोबरच फिरते आणि विमान त्या हवेतच उडते. भाड्याचे म्हणावे, तर ते मिनिटांवर ठरत नाही. छोट्या शहरांना स्वस्त विमानसेवा देण्याच्या सरकारी ‘उडान’ योजनेतल्या राखीव जागांच्या भाड्याची मर्यादासुद्धा अंतराच्या टप्प्यांवर बांधलेली आहे. उलट विमान जास्त वेळ हवेत ठेवले, तर इंधनाचा खर्च कंपनीच्याच माथी पडतो.

एवढे मात्र मान्य करावे लागते की, छापील वेळ निव्वळ उड्डाणाची नसते. विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर थांबेपर्यंतचा तो काळ असतो आणि विमान वेळेवर पोहोचल्याचे दिसावे म्हणून कंपन्या त्यात काही मिनिटे जास्तीची धरतात. पण त्या पाच-दहा मिनिटांवरून पन्नास मिनिटांची फसवणूक सिद्ध होत नाही. आत्या आता दुपारी तीननंतरची वेळ पाहते आहे.