बरा न होणारा आजार, तरी औषध कशासाठी?

नमस्कार. माझ्या पाळीव उंदराच्या, चिंगीच्या आजारपणावरच्या लेखाखाली तुम्ही लिहिलंय की फोटोत तिच्या नाकातून रक्त येताना दिसतंय, आजार कायमचा जात नाही हे मीच सांगते, मग महिनोन्‌महिने औषधं देऊन कुणाचा हट्ट पुरवतेय? अँटिबायोटिक्स अशी उधळण्यापेक्षा तिला मोकळ्यावर सोडून द्यावं, निसर्ग बघून घेईल. प्रतिक्रिया कडक आहे, पण तिच्यामागे त्या जिवाची कळकळ आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी ते रक्त. ते रक्त नाही. उंदराच्या डोळ्यामागे हार्डेरियन ग्रंथी असते, तिच्यातून पॉर्फिरिन नावाचं लालसर द्रव्य झिरपतं. एरवी उंदीर तोंड पुसतापुसता ते साफ करून टाकतो. आजारी पडला किंवा घाबरला की स्राव वाढतो, अंग स्वच्छ ठेवायचं त्राण राहत नाही, आणि नाकाशी, डोळ्यांच्या कडेला लाल खपली धरते. ओल्या कापसाने पुसून तो बोळा नोटा तपासायच्या जांभळ्या दिव्याखाली धरा, डाग गुलाबी चमकतो. रक्ताचा तसा चमकत नाही. अर्थात लाल दिसलं की काहीतरी बिनसलंय, हे खरंच.

चिंगीच्या बाबतीत ते मायकोप्लाझ्मा पल्मोनिस या जंतूमुळे आहे. बहुतेक पाळीव उंदरांच्या श्वसनमार्गात तो असतोच, पुष्कळदा आईकडूनच आलेला. काहींच्यात आयुष्यभर गप्प बसतो, काहींच्यात वय झालं किंवा हवा बिघडली की उसळतो. औषधाने दबतो, समूळ जात नाही. इथवर आपलं एकमत आहे. पण दमा जात नाही म्हणून आपण दमेकऱ्याचा पंप काढून घेत नाही ना! उंदीर श्वास नाकानेच घेतो. नाक चोंदलं की त्याचं खाणं सुटतं, झोप मोडते, दर श्वासाला कुशी आत ओढल्या जातात. औषध लागू पडलं की हे सगळं कमी होतं. उंदराचं आयुष्य दोन-तीन वर्षांचं. त्यातले काही महिने धापा टाकत गेले की खाऊन-पिऊन, इकडून तिकडे चढत गेले, हा फरक माझ्या लेखी फार मोठा आहे.

आणि निम्मं काम औषधाचं नाहीच, हवेचं आहे. मुताने भिजलेल्या अंथरुणातून अमोनिया सुटतो आणि तो या आजाराला थेट खतपाणी घालतो. पिंजऱ्याशी नाक नेल्यावर आपल्याला वास आला, तर उंदराला तो कितीतरी आधीपासून त्रास देत असतो. सुताराकडचा भुसा मी घालत नाही. पाइन, देवदाराच्या ताज्या भुशातली सुगंधी द्रव्यंही श्वसनमार्गाला झोंबतात. साधे सुती फडके घालते, रोज बदलते. तिच्या खोलीत उदबत्ती, धूप, डासांची कॉइल, फिनेल, यातलं काही नाही. मिरचीची फोडणी देताना दार लावून घेते. काही जण कापूर किंवा निलगिरीचं तेल हुंगवायला सांगतात, तेही नको. नेब्युलायझर लावतो तेव्हा भोकं पाडलेल्या डब्यात तिला बसवतो आणि डॉक्टरांनी दिलेलं सलाइन तुषारांनी आत सोडतो. पहिल्यांदा ती बिचकली होती, आता मिशा पुसत बसते. नंतर तिची पाठ कानाला लावून ऐकायचं. निरोगी उंदराच्या छातीतून आवाज जवळजवळ येत नाही, हिच्या छातीत बारीक करकर असते. ती वाढली की डॉक्टरांना फोन.

तिला बहिणीपासून वेगळंही केलेलं नाही. जंतू दोघींच्यात आहेच आणि एकटा पडलेला उंदीर आणखी खंगतो.

अँटिबायोटिक्सबद्दलची तुमची धास्ती मला मनापासून मान्य आहे, फक्त रोख दुसरीकडे हवा. मेडिकलमधून अमॉक्सिसिलिन आणून दोन दिवस पाजायचं आणि शिंका थांबल्या की बंद करायचं, हे घातक आहे. मायकोप्लाझ्माला पेशीभित्तिकाच नसते आणि अमॉक्सिसिलिन घाव घालतं ते त्या भित्तिकेवर. सोबत शिरलेल्या दुसऱ्या जंतूंवर ते चालेल, याच्यावर नाही. म्हणून डॉक्सिसायक्लिन, कधी जोडीला एन्रोफ्लॉक्सासिन, तेही डॉक्टरांनी वजन बघून ठरवलेलं आणि पूर्ण मुदतीचं. डोस मुद्दाम लिहीत नाही, प्रत्येकाचं वजन वेगळं असतं. डॉक्सिसायक्लिन दूध-दह्यातून मात्र देऊ नका, कॅल्शियम त्याला बांधून टाकतं. आम्ही केळ्याच्या गरात देतो, ती बोट चाटून पुसून घेते.

मोकळ्यावर सोडायचं म्हणजे कुठे? पिंजऱ्यात जन्मलेल्या पांढऱ्या उंदराला धड दिसत नाही, बीळ ठाऊक नाही, मांजर-कावळ्यांना चुकवणं ठाऊक नाही. निसर्ग बघून घेईल म्हणजे उपाशी, भेदरून मरेल. जनावराला उपाशीतापाशी तडफडेल अशा स्थितीत वाऱ्यावर सोडणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हाही आहे.

तुमच्या प्रतिक्रियेतला एक भाग मात्र मी कधीच नाकारणार नाही. थांबायची वेळ असते. दर आठवड्याला तिला स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलते. तीनशे ग्रॅमच्या जिवाने तीस ग्रॅम गमावले, तर तो वजनाचा दहावा हिस्सा गेला. वजन घसरत राहिलं, आवडीचा घासही नाकारला, औषध चालू असूनही तोंड उघडून श्वास घ्यायला लागली, तर मी ओढत नेणार नाही. त्यासाठी डॉक्टरांशी आधीच बोलून ठेवलंय की प्रथम वायूने पूर्ण बेशुद्ध करायचं आणि मगच शेवटचं इंजेक्शन. उंदीर पाळणाऱ्या प्रत्येकाने हे जनावर धडधाकट असतानाच विचारून ठेवावं. ऐन रात्री धाप लागल्यावर दवाखाना शोधत बसायची वेळ येऊ नये.