बेरीज, भागिले दोन

लग्न ठरल्यावर प्रत्येकाने मला लग्नाचा एकेक फायदा सांगितला. आई म्हणाली, वेळेवर जेवशील. (बायको ऐरोलीहून माझ्यानंतर घरी पोचते. त्यामुळे वेळेवर जेवायचं तर कुकर मीच लावतो. पण तो वेगळा विषय.) मामा म्हणाले, "टॅक्स वाचतो."

मामांना बँकेतून निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, पण तलावपाळीच्या कट्ट्यावर त्यांची शाखा रोज सकाळी सात ते साडेआठ उघडी असते. "कसा वाचतो?" मी विचारलं. "वाचतो रे," ते म्हणाले. बँकेत 35 वर्षं काढलेला माणूस 'वाचतो' म्हणतो, त्याला पुरावा काय मागायचा?

मीही जरा गणित करून पाहिलं. ठाणे स्टेशनात नऊ नंबरला ऐरोलीकडे जाणाऱ्या लोकलमध्ये होणाऱ्या बायकोला बसवून दिलं आणि फलाटावरच मोबाइलचा कॅल्क्युलेटर काढला. माझा वर्षाचा पगार 14 लाख, तिचा साडेअकरा. इन्कम टॅक्सच्या नव्या रिजीममध्ये 75,000चं स्टँडर्ड डिडक्शन धरून पावणेतेरा लाखांपर्यंत पगारदाराला कर नाही. म्हणजे तिला शून्य आणि मला सेससकट 81,900. आता दोघांची बेरीज करा: साडेपंचवीस लाख. भागिले दोन. बरोब्बर 12,75,000! एक रुपया इकडे नाही, तिकडे नाही. पत्रिकेत आमचे 36 पैकी साडेअठराच गुण जुळले होते. गुरुजींनी स्लॅब बघितले असते तर 36 दिले असते.

लग्न झालं. आठव्या दिवशी मी एचआरला मेल टाकला : मॅरिटल स्टेटस बदलायचा आहे, कृपया कराची कपात त्यानुसार करावी. एचआरच्या मुलीचा फोन आला.

"अभिनंदन सर! मॅडमना मेडिक्लेममध्ये अ‍ॅड करते."

"आणि टॅक्स?"

"तो आहे तोच, सर. फक्त प्रीमियम कट होईल."

महिना 640 रुपये. तिकडे बायकोच्या कंपनीनेही मोठ्या मनाने मला तिच्या मेडिक्लेममध्ये घेतलं आणि तिचे 410 कापले. प्रोफेशन टॅक्सचे दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे दोघांचेही आपापले सुरूच. म्हणजे आमच्या संसाराची पहिली संयुक्त कमाई झाली उणे 1,050. त्या पैशांत आम्हाला आजारी पडायची दुहेरी सोय झाली, हेही खरं. पण उत्साहाने कोण आजारी पडणार?

शेवटी सीएकाकांकडे गेलो. राममारुती रोडच्या मागच्या गल्लीत, पहिल्या मजल्यावर, नाडीने बांधलेल्या फायलींच्या मागे ते बसतात. माझ्या वडिलांचंही रिटर्न तेच भरायचे. मी त्यांना माझा भागाकार दाखवला. त्यांनी तो शांतपणे वाचला आणि कागद उलटा करून टेबलावर ठेवला, डॉक्टर वाईट रिपोर्ट ठेवतात तसा.

"तुम्ही नवरा-बायको आहात हे मला माहीत आहे, लग्नात मी जेवलोय. पण आयकर खात्याच्या दृष्टीने तुम्ही दोन पॅन नंबर आहात. आपल्याकडे जोडप्याचं एकत्र रिटर्न नसतं. बायकोचं पॅन कार्ड बघा, त्यावर नवऱ्याचं नाव कुठे असतं? लग्न होऊन चाळीस वर्षं झाली तरी तिथे वडिलांचंच."

"मग लग्नाचा काहीच फायदा नाही?"

"आहे ना! लग्नात मिळालेल्या आहेरावर कर नाही. मित्र, शेजारी, ऑफिस, कोणीही देवो, कितीही देवो. फक्त एकाकडून दोन लाख किंवा जास्त रोख घेऊ नका. वाढदिवसाला ही सोय नाही, लग्नाच्या वाढदिवसालाही नाही. हा योग एकदाच."

मी गप्प बसलो. आमच्या पत्रिकेवर खाली ठळक अक्षरांत छापलं होतं : 'कृपया आहेर आणू नये. आपली उपस्थिती हाच आहेर.' सरकारने अख्ख्या लग्नसंस्थेला एकच सूट दिली होती आणि ती आम्ही स्वखर्चाने, चारशे प्रती छापून, नाकारली होती. तरीही न ऐकणाऱ्यांनी तीन भिंतीवरची घड्याळं, दोन लेमन सेट आणि पाकिटांतून मिळून 14,302 रुपये दिले. वरचे दोन रुपये कुणाचे, यावर घरात अजून चर्चा चालू आहे.

मामांना हे कळल्यावर ते जरा खजील झाले, पण हरले नाहीत. "पूर्वी होतं रे! आपल्या चिंतामणरावांनी केलं होतं." आणि गंमत म्हणजे ते खरं निघालं. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख पुढे अर्थमंत्री झाले, तेव्हा 1955-56च्या अर्थसंकल्पात त्यांनी दीड हजारांची करमुक्त मर्यादा लग्न झालेल्यांसाठी दोन हजार केली आणि बिनलग्नाच्यांसाठी एक हजारावर आणली. म्हणजे बोहल्यावर चढलं की हजाराचा फायदा! पुढे तो भेद गेला. मामांची माहिती फक्त सत्तर वर्षं जुनी होती. बँकेच्या मानाने हे पासबुक तसं अद्ययावतच म्हणायचं.

मामांचा पुढचा सल्ला एचयूएफचा. हिंदू अविभक्त कुटुंबाला वेगळा पॅन मिळतो हे खरं. पण आपला पगार त्यात ओतता येत नाही, आणि आमची वडिलोपार्जित मालमत्ता म्हणजे एक पाटा-वरवंटा. त्याला कसला पॅन काढायचा?

मग मलाच कल्पना सुचली. माझे साठवलेले तीन लाख बायकोच्या नावावर एफडीत टाकायचे. सात टक्के धरा, वर्षाला 21,000 व्याज. तिला कर शून्य. मी पुन्हा जिना चढलो.

सीएकाकांनी चष्मा काढला. "एफडी तिच्या नावावर, व्याज तिच्या खात्यात आणि कर तुमच्या रिटर्नमध्ये. क्लबिंग म्हणतात त्याला."

"पण आम्ही दोन पॅन नंबर होतो ना?"

"ते सवलत मागताना. पळवाट काढताना तुम्ही नवरा-बायको."

इतक्या वेळा लग्न लागून मोडलेला माणूस ठाणे जिल्ह्यात दुसरा नसेल.

"मात्र त्या व्याजाचं पुढे जे व्याज येईल," काका म्हणाले, "ते तिचं उत्पन्न. ते तुमच्यात धरत नाहीत."

"मुद्दल माझं, व्याजावरचा कर माझा आणि व्याजाचं व्याज तिचं?"

काकांनी चहा सांगितला. चहा येईपर्यंत त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती सांगायला नको होती. 1963 साली सर्वोच्च न्यायालयाने एका खटल्यात म्हटलं होतं की, लग्नाआधी नियोजित वधूला दिलेल्या शेअर्सचं उत्पन्न नवऱ्याच्या उत्पन्नात धरता येत नाही. पैसे देताना आणि उत्पन्न येताना, दोन्ही वेळी नातं नवरा-बायकोचंच असावं लागतं. अर्थात लग्नाआधी मी कायद्याने परकाच, आणि परक्याकडून 50,000च्या वर आलेली भेट तिच्याच उत्पन्नात धरली जाण्याचा घोळ आहे, पण तो वेगळा.

"काका, हे मला साखरपुड्यालाच का नाही सांगितलंत?"

"साखरपुड्याला मला बोलावलं नव्हतं."

चहा संपल्यावर त्यांनी सरळ मार्ग सांगितला. ज्याला कर बसतो त्याने खर्च करायचा, ज्याला बसत नाही त्याने साठवायचं. घरभाडं, वाणी, लाइट बिल, गॅस, सगळं माझ्या पगारातून. बायकोचा पगार तिच्या नावावर, तिच्या एफडीत. तिचे पैसे, तिचं व्याज, क्लबिंगचा संबंध नाही. पूर्णपणे कायदेशीर.

घरी येऊन मी ही योजना बायकोला सांगितली. आजवर पडद्याच्या रंगापासून पंख्याच्या स्पीडपर्यंत एकाही बाबतीत आमचं पहिल्या फटक्यात एकमत झालेलं नाही. या वेळी तिने माझं बोलणं पूर्णही होऊ दिलं नाही. "किती हुशार आहेत रे काका!" म्हणाली आणि त्याच रात्री तिने मोबाइलवर पहिली एफडी केली.

परवा 26 तारीख होती. सकाळी स्टेशनला निघताना लक्षात आलं, पास संपलाय आणि खात्यात 212 रुपये आहेत. मी बायकोकडे 500 रुपये मागितले.

"गिफ्ट की कर्ज?"

"गिफ्ट समज."

तिने फोन हातात घेतला आणि थांबली. "यातून तुला काही उत्पन्न होणार नाही ना रे? नाहीतर ते माझ्या रिटर्नमध्ये येईल."

"पास काढणार आहे," मी म्हणालो. "उरलेच तर वडापाव."